‘सेफारिया’वर विलापगीत ३:१४ वाचायचं तर

विलापगीत हे बायबलातलं पुस्तक हिब्रू मुळातून वाचायला सेफारिया ही ज्यू ग्रंथांची मोफत साइट उत्तमच, पण भाषांतर निवडताना जपून. वचन आहे ‘हायीती स्खोक लेखोल अम्मी’, म्हणजे माझ्याच सगळ्या लोकांत माझं हसं झालं. शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘माझे’. १९८५ च्या इंग्रजी भाषांतरात तिथे नुसते ‘सगळे लोक’ उरतात आणि हसणारे आपलेच होते, ही खरी जखमच पुसली जाते. (काही हस्तलिखितांत ‘अम्मीम’, म्हणजे ‘राष्ट्रं’, असा पाठ आहे.) वचनावर टिचकी मारा, बाजूच्या पट्टीत भाषांतरांची यादी उघडा आणि १९१७ चं निवडा. त्यात ‘माझे’ शाबूत आहे.

पुढचा शब्द ‘नेगिनाताम’, त्यांचं गाणं. हाच शब्द अनेकवचनात स्तोत्र ६९ मध्ये दारुड्यांच्या गाण्यांसाठी येतो. तिथला माणूस सख्ख्या भावांना परका झालाय, वेशीत बसणारे त्याच्याच गोष्टी करतात. मराठी बायबलात ते १२ वं वचन, इथे मात्र १३ वं, कारण हिब्रूत शीर्षकही मोजतात. शोधताना बरेच जण इथेच चुकतात.

दोन्ही भाषा शेजारी-शेजारी ठेवल्या की १३ ते १५ ही वचनं ‘हे’ या हिब्रू अक्षराने सुरू होताना दिसतात. सगळा अध्यायच असा हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलाय: २२ अक्षरं, प्रत्येकी ३ वचनं, एकूण ६६.

साइट चालते इंग्रजी आणि हिब्रूत. बिरड्याच्या सणाला, म्हणजे जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक करायच्या तिशा बआव या उपवासाला, हेच विलाप वाचणाऱ्या बेने इस्रायली (महाराष्ट्रातल्या मराठीभाषक ज्यू) घरांना मराठीची उणीव नक्की जाणवेल.