बाहेरून क्रीम बनवून घेताना: 'एमओक्यू किती?' या प्रश्नाचं माझं उत्तर

स्वतःचा छोटा स्किनकेअर ब्रँड सुरू करून आता बरेच महिने झाले. क्रीम, फेसवॉश आणि सीरम अशी तीन उत्पादनं आहेत आणि तिन्ही मी थर्ड पार्टी उत्पादकाकडून बनवून घेते. पहिला माल विकला गेला, दुसरी ऑर्डर दिली, त्यामुळे आता थोडं ठामपणे लिहिता येईल. नव्याने या धंद्यात उतरणारे सगळे मला पहिला प्रश्न तोच विचारतात: एमओक्यू, म्हणजे कमीत कमी ऑर्डर, किती? कोटेशनवर एकच आकडा छापलेला असला तरी त्यामागे चार-पाच आकडे दडलेले असतात. केटलचा (माल ज्यात बनतो त्या मोठ्या भांड्याचा) वेगळा, कच्च्या मालाचा वेगळा, जारचा वेगळा, कार्टनचा वेगळा. त्यांतला जो सगळ्यांत मोठा, तोच शेवटी आपल्या गळ्यात पडतो.

केटलचा आकडा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटला. आमच्या क्रीमची बॅच लागली तेव्हा मी तिथे थांबले होते. 100 किलोची केटल होती. तेलाचा भाग आणि पाण्याचा भाग वेगवेगळे 70-75 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकत्र केले आणि होमोजिनायझर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारं केटलच्या तळाचं यंत्र, सुरू झालं. याच केटलमध्ये 20 किलो का होत नाही, असं मी विचारल्यावर सुपरवायझरनी मला झाकणाच्या काचेतून आत बघायला लावलं. "मॅडम, हे खालचं डोकं मालात पूर्ण बुडलेलं हवं. उघडं पडलं की हवा ओढतं, क्रीम फुगतं. मग जार भरलेला दिसतो आणि काट्यावर वजन कमी येतं." तेव्हापासून केटलच्या किमान मर्यादेवर मी घासाघीस करत नाही. छोटी केटल आहे का, एवढंच विचारते. ज्यांच्याकडे 10-20 किलोची पायलट केटल असते त्यांच्याकडे कमी नग होऊ शकतात. नगामागे दर मात्र चढा लागतो, कारण बॅच 20 किलोची असो की 200 किलोची, केटल धुणं, निर्जंतुक करणं, बॅच रेकॉर्ड, पीएच, चिकटपणा, सूक्ष्मजीवांची तपासणी आणि राखीव नमुने ही कामं तेवढीच असतात. आयएसओ 22716 (सौंदर्यप्रसाधनांच्या चांगल्या उत्पादन पद्धतींचं आंतरराष्ट्रीय मानक) पाळणारा उत्पादक यातलं काहीही गाळणार नाही, आणि गाळायला तयार असलेला उत्पादक मला नको.

किलोचं नगात रूपांतर करताना एक गोष्ट लक्षात ठेवा. 100 किलो भागिले 50 ग्रॅम म्हणजे 2,000 जार, हे फक्त कागदावर. थोडं क्रीम केटलच्या भिंतीला राहतं, थोडं पाइपात आणि फिलिंग मशिनच्या हॉपरमध्ये (माल ओतायच्या नरसाळ्यात), आणि फिलिंग मशिनचं वजन जुळेपर्यंतचे पहिले जार बाजूला काढावे लागतात. म्हणून ऑर्डरमध्ये 'दहा टक्के कमी-जास्त' अशी ओळ बऱ्याचदा असते. ती ओळ रास्त आहे. बिल प्रत्यक्ष हातात आलेल्या नगांचं होणार, एवढं मात्र लेखी घ्या.

खरा तिढा कच्च्या मालात असतो, आणि त्याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. समजा तुम्हाला एखादा खास अर्क 2 टक्के हवा आहे. 100 किलोच्या बॅचला तो 2 किलो लागतो, आणि पुरवठादार 25 किलोच्या पिंपाखाली देत नाही. उरलेल्या 23 किलोंचं काय? ते पैसे तुमच्याकडून घेतले जातात, किंवा उत्पादक तो अर्क दुसऱ्या ग्राहकांच्या मालात वापरणार असेल तर सूट मिळते. सुगंधाचंही तसंच. 0.3 टक्के म्हणजे 300 ग्रॅम लागतो आणि घ्यावा लागतो किलोंनी. उत्पादकाकडच्या फॉर्म्युलेटरने, म्हणजे फॉर्म्युला तयार करणाऱ्याने, सुरुवातीलाच त्यांच्या गोदामात नेहमी फिरणाऱ्या मालाची यादी पुढे ठेवली: ग्लिसरीन, नियासिनामाइड, झँथन गम, फेनॉक्सीइथेनॉल वगैरे. सीरम आम्ही त्याच यादीतून बांधलं आणि त्याची किमान ऑर्डर क्रीमपेक्षा बरीच खाली आली. नव्या ब्रँडला मी हेच सुचवेन. आधी उत्पादकाची यादी मागा, मग फॉर्म्युला ठरवा. खास घटक ठेवायचाच असेल तर एकच ठेवा, आणि तोच दोन उत्पादनांत वापरता येईल असा बघा.

पॅकिंगचा आकडा सगळ्यांत मोठा निघतो. आम्हाला जार फिकट हिरव्या रंगात हवा होता. त्या रंगासाठी जारवाल्याची अट 5,000 नगांची होती, आणि बॅच 2,000 ची. पांढरा जार त्याच्याकडे तयार स्टॉकमध्ये होता आणि तो हजाराच्या आत मिळत होता. आम्ही पांढरा घेतला आणि रंग लेबलवर आणला. डिजिटल छपाईला प्लेट लागत नाही, त्यामुळे लेबलं काही शेकड्यांतही मिळतात. कार्टनची ऑफसेट छपाई थोड्या नगांसाठी परवडत नाही, म्हणून पहिल्या बॅचला कार्टन दिलंच नाही. याचा एक फायदा नंतर कळला. दुसऱ्या बॅचआधी प्रिझर्व्हेटिव्ह (माल खराब होऊ न देणारा घटक) बदलला, घटकांची यादी बदलली, आणि टाकून द्यावं लागलं ते फक्त उरलेल्या लेबलांचं एक रीळ.

चौकशीच्या काळात एका ठिकाणी अगदी थोड्या नगांची ऑफर आली होती. तो त्यांचा तयार फॉर्म्युला होता, त्यावर फक्त आपलं लेबल लागणार होतं. यात वाईट काही नाही. आमचा फेसवॉश आम्ही आजही असाच घेतो, कारण फेसवॉशमध्ये आम्हाला वेगळं काही सांगायचं नव्हतं. पण तोच फॉर्म्युला इतर ब्रँडच्या नावानेही विकला जातो, आणि उत्पादक बदलायचा ठरवला तर तो तुमच्याबरोबर येत नाही. स्वतःचा फॉर्म्युला करून घेत असाल तर त्याची मालकी कुणाची, हे अ‍ॅडव्हान्स देण्याआधी विचारा. किमान आकडा प्रत्येक सुगंधाला आणि शेडला वेगळा लागतो का, तेही त्याच वेळी विचारा. आमच्या उत्पादकाने बिनसुगंधी बेस एकत्र बनवून, थंड होताना त्याचे दोन भाग करून वेगवेगळा सुगंध घालायची तयारी दाखवली. केटलचा आकडा त्याने वाटला जातो. स्टॅबिलिटीची, म्हणजे माल टिकतो का याची, तपासणी मात्र दोन्ही सुगंधांची वेगवेगळी करावी लागते.

आणि ही तपासणी घाईत उरकण्याची गोष्ट नाही. प्रिझर्व्हेटिव्हची चॅलेंज टेस्ट 28 दिवस चालते. मालात मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडून 7, 14 आणि 28 व्या दिवशी ती किती उरली हे मोजतात. 40 अंशांवरची स्टॅबिलिटी साधारण तीन महिने घेते, आणि ती ज्या जारमध्ये माल विकणार त्याच जारमध्ये व्हायला हवी. हे होण्याआधी 2,000 नगांची ऑर्डर देणं मला पटत नाही, मग दर कितीही चांगला मिळत असो.

किती नग घ्यायचे हे ठरवताना मी दराच्या तक्त्याआधी एक्स्पायरी बघते. धरा, महिन्याला 120 जार विकले जातात. 2,000 जार संपायला जवळजवळ 17 महिने लागतील. एक्स्पायरी 24 महिन्यांची असेल तर शेवटच्या ग्राहकाच्या हातात जेमतेम सात महिने उरलेला जार जाणार, आणि दुकानदार तर तो आधीच नाकारेल. 5,000 नगांना दर उतरतो हे खरं, पण तो उतरलेला दर पूर्ण माल वेळेत विकला गेला तरच हाती लागतो. व्हिटॅमिन सी म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं सीरम असेल तर आणखी जपून, कारण ते हवेने पिवळं-तपकिरी पडत जातं.

सेवेबद्दल सांगायचं तर माल चांगला आला. दोन्ही बॅचचं क्रीम हाताला सारखंच लागतं, प्रत्येक बॅचबरोबर तपासणीचा दाखला आला. तक्रार एकच, वेळेची. जार उशिरा आले की केटलची आपली पाळी जाते आणि पुढची मिळेपर्यंत थांबावं लागतं. मोठ्या ऑर्डरवाले पुढे जातात. म्हणून दुसऱ्या वेळी मी जार आणि पंप आधी मागवून त्यांच्या गोदामात पोहोचवले आणि मगच बॅचची तारीख घेतली. बोलणी चालू आहेत ती अशी की बल्क (जारमध्ये न भरलेलं क्रीम) 100 किलोचं एकदाच बनवायचं, अर्धं लगेच भरायचं, आणि अर्धं बंद ड्रममध्ये ठेवून काही आठवड्यांनी भरायचं. एक्स्पायरी बल्क बनल्याच्या तारखेपासूनच धरायची आणि भरण्याआधी सूक्ष्मजीवांची तपासणी पुन्हा करायची, या दोन अटी मी घातल्या आहेत. पहिली त्यांनी मान्य केली. दुसऱ्या तपासणीचा खर्च कुणी करायचा, यावर अजून बोलणं चालू आहे.