३१.८चा क्लॅम्प आणि माझे १७,५७७ रुपये

गाव सांगत नाही. खानदेशातलं आहे, एवढं पुरे. सांगितलं तर उद्या टपरीवर कोणीतरी 'काय राव, क्लॅम्प आला का?' म्हणून विचारेल. दोघांनी विचारून झालंय.

मोबाइलवरच्या एका भामट्यानं फसवलं, गेले एकूण १७,५७७ रुपये. आधी २,५७९, मग ९,९९९, मग ४,९९९. तिन्ही वेळा पिन मीच टाकला. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे 'पिन का टाकला' असं विचारायचे कष्ट कोणाला नकोत.

आणि हे सगळं कशापायी? मुठीत मावेल एवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या कड्यापायी. पोरगी नववीत आहे. तिला एकचाकी सायकलीचं वेड लागलं. नाशिकच्या एका कॉलेजच्या पोराकडून २० इंची चाकाची जुनी एकचाकी ४,५०० रुपयांना घेतली. त्या पोराबद्दल तक्रार नाही, सीटचा क्लॅम्प, म्हणजे सीटचा दांडा फ्रेमला आवळून धरणारं कडं, गेलाय हे त्यानं पैसे घ्यायच्या आधीच सांगितलं होतं. मला वाटलं, क्लॅम्प म्हणजे काय मोठी गोष्ट! २६ वर्षं एमआयडीसीत लेथवर, धातू कातण्यात, काढलीत. आणून बसवू.

साध्या सायकलीची सीट थोडी सैल असली तरी माणूस हँडल धरून घरी येतो. एकचाकीला हँडलच नसतं. वळायचं ते कमरेनं, म्हणजे सीटच्या दांड्यावर सारखा डावा-उजवा पीळ. शिकताना दिवसातून पन्नास वेळा पडायचं, आणि पडलं की सीट आधी आपटते. जुन्या क्लॅम्पला एकच बोल्ट होता, त्याचं डोकं घासून गोल झालेलं, एलन की, म्हणजे सहा कडांची चावी, नुसती फिरायची. बोल्ट ज्यांतून जातो ते दोन्ही कान वाकून एकमेकांना टेकलेले. कान टेकले की कितीही आवळा, पकड येत नाही, हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. पोरगी चार पायडल मारायची आणि सीटचं टोक पश्चिमेला.

धुळ्याला आग्रा रोडला दोन चकरा मारल्या. जळगावला मेहुण्याला पाठवलं. दुकानदार भले, पण त्यांच्याकडे जे होतं ते गिअरच्या सायकलींचं. एकानं ३१.८ मिलिमीटरचा क्लॅम्प दिला, तो आमच्या फ्रेमवर बांगडीसारखा फिरत होता. परत केला, त्यानं पैसेही परत दिले.

माप घेताना लोक फसतात, म्हणून इथेच सांगून ठेवतो. क्लॅम्पचं माप दांड्यावरून घ्यायचं नाही. दांडा ज्या नळीत जातो तिच्या बाहेरच्या व्यासावरून घ्यायचं. आमचा दांडा २५.४ मिलिमीटरचा, फ्रेमची नळी बाहेरून २८.६, म्हणजे क्लॅम्प २८.६चा. २२.२च्या दांड्याला बहुतेक २५.४चा क्लॅम्प लागतो आणि २७.२च्या दांड्याला ३१.८चा. २५.४ हा आकडा एकीकडे दांड्याचा आणि दुसरीकडे नळीचा, तिथेच घोळ होतो. पट्टीनं मोजू नका, व्हर्नियर कॅलिपर लावा. नसेल तर कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा, दोन मिनिटांचं काम आहे, चहासुद्धा पाजतील.

तर माप मला तोंडपाठ होतं. हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. बहिणी माहेरी येणार, भाचरं येणार, आणि पोरीनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं की मी अंगणात एकचाकी चालवून दाखवणार. त्या घाईत एका रात्री मोबाइलवर जाहिरात दिसली. एकचाकीचे सुटे भाग, डबल बोल्ट क्लॅम्प ६४९ रुपये. पोरीनं नुकतंच यूट्यूबवर तेच शोधलं होतं, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं सुरू झालं. पलीकडचा मराठीतच लिहीत होता, 'दादा' म्हणत होता. मी लिहिलं, २८.६ पाहिजे. तो म्हणाला, आहे. मी म्हणालो, फोटो पाठव.

फोटो आला. काळा क्लॅम्प, दोन बोल्ट, स्वच्छ माल. मी बोटांनी मोठा करून पाहिला. आतल्या कडेला आकडा कोरलेला होता: ३१.८.

मी वाचला. चष्मा लावून वाचला. लिहिलंही त्याला, 'भाऊ, हा ३१.८चा दिसतोय.' आणि त्याचं उत्तर आलं, 'दादा, आवळल्यावर बसतो, सगळ्यांना बसतो.'

इथे, नेमकं इथे मला उठायला पाहिजे होतं. तीन मिलिमीटरहून जास्त फरक! लेथवर माझ्या हाताखालच्या पोरानं 'आवळल्यावर बसेल' म्हटलं असतं तर त्या दिवशी मशीनवरून उतरवून झाडू दिला असता हातात. क्लॅम्प विकणारा माणूस असं बोलूच शकत नाही. म्हणजे तो क्लॅम्प विकतच नव्हता, फोटो विकत होता. हे मला आज कळतंय, आणि रोज रात्री साडेदहाला, त्याच वेळेला, परत कळतं.

त्या वेळी मी मनाशी काय म्हटलं? की फोटो नमुन्याचा असेल, माल बरोबर पाठवेल. त्यानं वर लालूच दाखवली, नवा दांडा १,८५० ला घेता का, जुना ओरखडलेला असेल तर नवा क्लॅम्पही टिकत नाही. हे मात्र खरं बोलला मेला. ओरखडलेल्या, अंडाकार झालेल्या दांड्यावर क्लॅम्प धरत नाही. त्या एका खऱ्या वाक्यानं मी विरघळलो. ६४९ अधिक १,८५० अधिक ८० कुरिअर, २,५७९ पाठवले. कोणी म्हणेल, लेथवाला माणूस, स्वतःच का नाही बनवला? लग्नसराईच्या ऑर्डरी चालू होत्या, मालक मशीन पाच मिनिटं मोकळं सोडत नव्हता. आणि घरचं काम कंपनीच्या मशीनवर करायची मला सवय नाही. हे कारण आहे, बहाणा नाही. असो.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. कुरिअरवाल्या पोरासमोर उघडलं नाही, ही दुसरी चूक. खोकं हलकं. आत वर्तमानपत्राचा बोळा, आणि बोळ्यात पाण्याच्या पाइपाला लावतात ती पत्र्याची क्लिप, स्क्रू ड्रायव्हरनं आवळायची, हार्डवेअरच्या दुकानात वीस रुपयांना मिळते ती. दांडा वगैरे काही नाही. क्लिपच्या दातांना गंज होता. म्हणजे ती कुठल्या तरी कूलरच्या पाइपाची काढलेली असावी. वीस रुपयेसुद्धा खर्च केले नाहीत माझ्यावर.

चिडून मेसेज केला. लगेच फोन आला. मी तर धरून चाललो होतो की नंबर बंद असेल. उलट, 'दादा, गोडाउनच्या पोरानं घोटाळा केला, पूर्ण रक्कम परत करतो, कोड पाठवतो, स्कॅन करा.' पुढचं तुम्हाला माहीत आहे, प्रत्येक गावात एकाला तरी हेच झालंय. कोड स्कॅन केला, पिन टाकला, ९,९९९ गेले. मी ओरडलो. तो माझ्याहून जास्त घाबरल्यासारखा बोलला, 'अरे दादा, उलटं झालं, थांबा, तोच व्यवहार फिरवायला दुसरा कोड देतो.' ४,९९९.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. बँकेत पाटी आहे, मी ती वाचलीय, पोरीला वाचून दाखवलीय. पण घाम फुटलेल्या माणसाला पाटी आठवत नाही, गेलेले पैसे आठवतात.

रात्रभर कोणाला सांगितलं नाही. ही तिसरी चूक, आणि सगळ्यात महाग. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच मिनिटाला फोन करायचा असतो. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंत थोपवता येतात, पुढे सरकले की संपलं. मी दुसऱ्या दिवशी दहाला केला. त्यांनी तक्रार घेतली, नंबर दिला.

मग गावच्या ठाण्यात गेलो. अंमलदारानं विचारलं, 'काय वस्तू?' मी सांगितलं. 'एकचाकी? सर्कशीत आहात का?' बाकड्यावर बसलेले दोघं हसले, त्यातला एक स्वतः कोंबड्यांच्या भांडणात आलेला होता. मला म्हणाले, हे जिल्ह्याला जाऊन सांगा. जिल्ह्याला गेलो. तिथे म्हणाले, आधी स्थानिक ठाण्याचा अर्ज आणा, बँकेचा शिक्क्याचा उतारा आणा, सगळ्या चॅटच्या रंगीत प्रिंट आणा. रंगीत का, तर साध्यात वेळ दिसत नाही. ३१.८चा तो फोटोसुद्धा छापून घेतला. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, 'हे काय आहे?' ११० रुपये.

बँकेत उतारा मागितला. पहिल्या दिवशी सर्व्हर नाही. दुसऱ्या दिवशी शिक्का ज्यांच्याकडे असतो ते ट्रेनिंगला. तिसऱ्या दिवशी उतारा मिळाला आणि वर ऐकून घ्यावं लागलं, 'काका, पिन तुम्हीच टाकलाय, यात बँक काय करणार?' मी रिझर्व्ह बँकेच्या २०१७च्या परिपत्रकाचं बोललो, कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही वगैरे. तर म्हणाले, ते दुसऱ्यानं परस्पर पैसे काढले त्यासाठी, तुम्ही स्वतः पाठवलेत. नियम त्यांचा बरोबर असेल. मला राग त्याचा नाही. राग याचा की ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कोणत्या तरी बँकेनंच उघडून दिलंय ना? त्या खातेदाराला कोणी 'काका' म्हणून हटकलं का? मी मागतो तो कागद ठाणं म्हणतं बँकेकडे, बँक म्हणते ठाण्याकडे, आणि दोघांच्या मधे पाच वेळा एसटीत उभा राहून मी. रजा चार पडल्या. त्या रजांचे पैसे १७,५७७ मध्ये धरलेले नाहीत.

आई गावठी बोलते, तिनं एकच विचारलं, 'तू मशीनवर सूतभर फरक पकडस ना रे, मंग हाऊ कसा सुटना?' म्हणजे, मग हा कसा सुटला?

शेवटी एका रविवारी मालकाला सगळं सांगितलं, मशीन मागितलं. त्यानं अर्धा तास दिला, हसलाही नाही. गोल सळईचा तुकडा घेतला, २८.६ला बोअर केलं, कानांना दोन भोकं, मग करवतीनं चीर. वस्तू तयार. घरी कोणी बसवणार असेल तर क्लॅम्पची फट आणि फ्रेमची चीर एका रेषेत ठेवा. दोन बोल्ट असतील तर एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जाऊ नका, थोडा हा थोडा तो. बोल्टच्या आट्यांना बोटभर ग्रीस. एलन कीला पाइप लावून जोर काढायचा नाही, बाजारातल्या क्लॅम्पवर किती जोरानं आवळायचं ते पाच-सहा न्यूटन-मीटर असं लिहिलेलं असतं ते उगाच नाही. खटक्याचा, हातानं उघडायचा क्लॅम्प घेऊ नका. घरात तिघं उंचीनं वेगळे असतील तर सोयीचा, पण पिळाला टिकत नाही. आणि दांडा कमीत कमी किती आत हवा याची त्याच्यावरची खूण नळीच्या आतच राहिली पाहिजे, पोर उंच झालं म्हणून दांडा खुणेच्या वर ओढायचा नाही, लांब दांडा घ्यायचा. उंची बघायला टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे.

पोरगी आखाजीनंतर चालवायला लागली. भाचरं तोवर गेली होती.

परवा तीच जाहिरात परत दिसली. पानाचं नाव बदललंय. फोटो तोच, आतल्या कडेला ३१.८. खाली मी लिहिलं की हा चोर आहे, तर दोन मिनिटांत लिहिलेलं गायब, आणि मलाही अडवून टाकलं. भाव आता ५९९ केलाय.