सोलापूरच्या उन्हात ऑर्किड: फॅलेनॉप्सिस घ्यावं की डेंड्रोबियम?

नर्सरीत दोन्ही शेजारी असली तर नजर फॅलेनॉप्सिसवरच जाते. मोठी, फुलपाखरासारखी फुलं, दोन-तीन महिने टिकणारी. पण तो बहर त्याला दुसऱ्याच कुणाच्या तरी थंडगार शेडमध्ये आलेला असतो. पुढचा तुमच्या घरी यायचाय.

फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा काढायला काही आठवडे साधारण 25 अंशांखालचा गारवा लागतो. पारा 28च्या वर राहिला की ते नुसती पानं काढत बसतं. आपल्याकडे हा गारवा मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत, तोही रात्रीचा. म्हणून कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवायची आणि रात्री खिडकी उघडी. जमलं तर संक्रांतीला, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पानाच्या बगलेतून दांडा डोकावतो. खरी परीक्षा पुढेच. दांड्याला फुलायला आणखी दोन-तीन महिने लागतात, म्हणजे कळ्या उमलायच्या त्या ऐन चैत्रात! कोरडी गरम हवा लागली की कळ्या पिवळ्या पडून गळतात. कूलर असलेल्या खोलीत दमटपणा मिळतो, पण कुंडी थेट झोतात नको.

डेंड्रोबियमचे असे लाड नाहीत. बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या संकरित जातींना थंडी लागत नाही, उजेड लागतो. गच्चीवर 50 टक्के हिरवी शेडनेट, सकाळचं ऊन, उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी. नवा कोंब वाढून जाड झाला की त्याच्या शेंड्याकडून फुलं येतात. पानं झडलेली जुनी कांडी वाळली समजून कापू नका, तिलाही पुन्हा फुलं येतात. फक्त ‘नोबिले’ जात नको, तिला हिवाळ्यात गार, कोरडी विश्रांती हवी. वांडा हे आणखी एक ऑर्किड, ते कोकणातल्यांनी लावावं. मुळं उघडी लोंबणाऱ्या त्या झाडावर आपल्याकडे मे महिन्यात दिवसभर फवारे मारत बसावं लागेल.

माती दोघांनाही नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं पुरतात. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर पांढरे क्षार चढतात, तेव्हा पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला. आरओ मशीन बाहेर टाकतं ते पाणी मात्र नको, त्यात क्षार आणखी जास्त. खत म्हणून द्राक्ष-डाळिंबवाल्यांचं 19:19:19 चालतं, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. उजेड आणि तापमान चुकलं तर कुठल्याही खताने फूल येत नाही.

माझं मत विचाराल तर गच्ची असेल तर डेंड्रोबियमच. गच्ची नाही, पण एखादी खोली उन्हाळ्यातही गार राहते, तर फॅलेनॉप्सिस करून बघा. घेताना फुलं मोजू नका. तीन-चार जाड कांड्या आणि बुडाशी एक नवा कोंब असलेलं डेंड्रोबियम बिनफुलांचं असलं तरी उचला.