सुप्रीम कोर्टाचं मोफत ऑडिओ: बंदुकीचे खटले स्वतःच्या कानांनी ऐका

अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या वेबसाइटवर तिथल्या सुनावण्या ऐकायला मिळतात. सकाळी दहाला कोर्ट बसलं की थेट आवाज सुरू होतो. त्याच दिवशी रेकॉर्डिंग चढतं आणि सोबत शब्दन् शब्द उतरवलेला मजकूरही येतो. खातं उघडावं लागत नाही, पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत. घटनेने दिलेल्या बंदुकीच्या हक्कावर या देशात रोज कुणी ना कुणी तावातावाने बोलत असतं. त्यांचं ऐकण्याआधी हे ऐका, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगते.

मी न्यू जर्सीत राहते. घरात मार खाणाऱ्या, धमक्या सोसणाऱ्या आपल्या बायकांना फॅमिली कोर्टात सोबत लागते, ती मी करते. आधी टीआरओ, म्हणजे तात्पुरता संरक्षण आदेश मिळतो, मग साधारण दहा दिवसांत एफआरओची, म्हणजे अंतिम आदेशाची सुनावणी. त्या मधल्या दिवसांत बाईच्या मनात एकच प्रश्न असतो: त्याच्याकडची बंदूक गेली की आहे? त्यामुळे 2023 मध्ये रहीमी खटला सुप्रीम कोर्टात आला, तेव्हा टीव्हीवरच्या दोन वाक्यांवर माझं समाधान होणं शक्यच नव्हतं.

खटला टेक्ससचा. झॅकी रहीमीने डिसेंबर 2019 मध्ये पार्किंगच्या जागेत आपल्या मुलाच्या आईला मनगट धरून फरपटत गाडीकडे नेलं, आणि ती निसटून पळाली तेव्हा गोळी झाडली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिला संरक्षणाचा आदेश मिळाला. असा आदेश अंगावर असताना बंदूक बाळगणं हा केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. रहीमीकडे बंदुका सापडल्या, त्याला शिक्षाही झाली. पण पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्या विभागात येतं तिथल्या केंद्रीय अपील कोर्टाने 2023 मध्ये तो कायदाच घटनाबाह्य ठरवला. कारण काय, तर न्यूयॉर्कच्या बंदूक परवान्यांबद्दल सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये दिलेल्या ब्रुएन निकालाने कसोटी घालून दिली होती की बंदुकीवरचं बंधन या देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे, आणि अठराव्या शतकात असा कायदा सापडत नव्हता. कसा सापडणार? तेव्हा नवऱ्याने बायकोला मारणं ही सरकारने लक्ष घालण्याची बाब सहसा मानली जात नव्हती. ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

7 नोव्हेंबर 2023 ची ती सुनावणी दीड तासाच्या आसपासची आहे. सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल, म्हणजे सुप्रीम कोर्टात सरकारची बाजू मांडणाऱ्या मुख्य वकील, एलिझाबेथ प्रीलोगर उभ्या राहिल्या. सुरुवातीलाच त्यांनी याच कोर्टाच्या जुन्या निकालातलं वाक्य कोर्टापुढे ठेवलं: मार खाल्लेली बाई आणि मेलेली बाई यांच्यात पुष्कळदा फरक असतो तो फक्त बंदुकीचा. आवाज चढवला नाही, घाई केली नाही. छापलेल्या मजकुरात हेच वाक्य सरळ ओळीत पडून असतं. ऐकताना ते छातीवर येतं.

मग रहीमीचे वकील मॅथ्यू राइट आले. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्यांना थेट विचारलं की तुमचा अशील धोकादायक माणूस आहे याबद्दल तुम्हाला काही शंका नाही ना? वकील म्हणाले, धोकादायक म्हणजे काय ते आधी कळायला हवं. त्यावर रॉबर्ट्स म्हणाले, लोकांवर गोळ्या झाडतो तो, एवढ्यापासून सुरुवात करू. त्या क्षणी मला निकालाची दिशा दिसली. 21 जून 2024 ला निकाल आला, 8 विरुद्ध 1. दुसऱ्याच्या जिवाला याच्यापासून खरा धोका आहे असं कोर्टाने ठरवलं असेल, तर त्याची बंदूक तात्पुरती काढून घेता येते.

तरीही राइट यांचं म्हणणं पूर्ण ऐका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. संरक्षणाचा आदेश ही दिवाणी बाब. तो थोडक्या वेळाच्या सुनावणीत दिला जातो, समोरच्याला बहुतेक वेळा वकील नसतो. मग त्याच्या जोरावर घटनेने दिलेला हक्क कसा काढून घेता, आणि वर तुरुंगात कसं टाकता? हा प्रश्न पोकळ नाही. फॅमिली कोर्टाच्या बाकावर बसून घाईतल्या सुनावण्या मी पाहते. म्हणूनच केंद्राच्या कायद्याची अट मला महत्त्वाची वाटते: समोरच्याला नोटीस मिळालेली हवी, म्हणणं मांडायची संधी मिळालेली हवी. नुसत्या एकतर्फी टीआरओवर हा केंद्राचा गुन्हा लागू होत नाही. आमच्या राज्यात टीआरओबरोबर हत्यारं जप्त करण्याचा आदेश देता येतो, पण तो राज्याचा कायदा झाला. बायकांना धीर देताना हा फरक नीट सांगावा लागतो, आणि तो मला या सुनावणीमुळे पक्का समजला.

या सेवेचं खरं मोल जुनी रेकॉर्डिंग ऐकताना कळतं. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस दहा वर्षं सुनावणीत एक प्रश्नही विचारत नव्हते. 29 फेब्रुवारी 2016 ला ते बोलले. तो होता व्हॉइसीन खटला, आणि विषय हाच: घरगुती मारहाणीच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बंदूक ठेवता येईल का. त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं, किरकोळ गुन्ह्यापायी घटनेतला हक्क जातो असं दुसरं एखादं उदाहरण द्या. ब्रुएनचा निकाल 2022 मध्ये त्यांनीच लिहिला, आणि रहीमीमध्ये आठ जणांच्या विरोधात एकटे उभे राहिले तेही तेच. व्हॉइसीन ऐका, मग रहीमी ऐका. आठ वर्षांचा एक सलग विचार कानांना कळतो. मला तो पटत नाही, पण तो अचानक आलेला नाही, हे कळल्यावर त्याच्याशी वाद घालणं प्रामाणिक होतं.

ब्रुएनची सुनावणी 3 नोव्हेंबर 2021 ची. न्यूयॉर्कमध्ये 1911 च्या सुलिव्हन कायद्यापासून परवान्याची चौकट आली. लपवून बंदूक बाळगायचा परवाना हवा असेल तर तशी खास गरज दाखवावी लागे. न्यू जर्सीतही जवळपास तसंच होतं. न्यायमूर्ती अलिटो यांनी न्यूयॉर्कच्या सॉलिसिटर जनरल बार्बरा अंडरवुड यांना रात्रपाळी संपवून सबवेने घरी जाणाऱ्या कष्टकऱ्यांबद्दल विचारलं. कायदा पाळणारी साधी माणसं, धोक्याच्या भागातून चालत जाणारी. त्यांना परवाना मिळेल का? उत्तर होतं, एवढ्यावर मिळणार नाही. मी बंदुकांवर कडक नियम असावेत याच मताची आहे, पण तो प्रश्न ऐकून थांबले. रात्री उशिरा दुकानं बंद करणारी, पेट्रोलपंपावर एकटी उभी राहणारी आपलीही माणसं आहेत. त्यांची भीती खोटी नाही. अंडरवुड यांचं उत्तरही तितकंच खरं होतं: दाटीवाटीच्या शहरात सगळ्यांच्याच कमरेला बंदूक आली तर धोका वाढतो. कोर्टाने 6 विरुद्ध 3 मतांनी खास गरज दाखवण्याची ती अट घटनाबाह्य ठरवली.

घरी जोडायच्या बंदुकांचा व्हॅनडरस्टॉक खटला नवख्यांना सोपा जाईल. ओट्यावर अंडी, चिरलेलं हॅम, मिरची, कांदा ठेवला तर ते ऑम्लेट झालं का, असं अलिटो विचारतात, आणि न्यायमूर्ती बॅरेट लगेच पुढे म्हणतात, तेच सगळं तयार किटमध्ये विकत आणलं तर? सुट्या भागांच्या किटला बंदूक म्हणायचं का, हा अख्खा वाद एवढ्यात समजतो. मार्च 2025 मध्ये कोर्टाने 7 विरुद्ध 2 मतांनी सरकारचा नियम टिकवला.

आता उणिवा. चित्र नाही, कोर्टात कॅमेऱ्याला परवानगीच नाही. थेट ऐकताना नऊ न्यायमूर्तींपैकी कोण बोलतंय ते सुरुवातीला समजत नाही. निकाल जाहीर होतो तेव्हाचं ऑडिओ थेट मिळत नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. ज्या सकाळी हजारो बायकांच्या सुरक्षिततेबद्दल निर्णय होतो, त्या सकाळी हातात येते ती फक्त पीडीएफ. शिवाय कोर्टाच्या साइटवरचं ऑडिओ 2010 च्या सत्रापासूनचं आहे. त्यामुळे 2008 चा हेलर, म्हणजे घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरवणारा मूळ निकाल, तिथे ऐकता येत नाही. त्यासाठी ओयेझ ही मोफत साइट वापरा. तिथे आवाजाबरोबर मजकूर सरकतो आणि बोलणाऱ्याचा फोटो दिसतो. खालच्या केंद्रीय कोर्टांचे कागद हवे असतील तर पेसर ही सरकारी साइट आहे: पानाला 10 सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त 3 डॉलर, आणि तिमाहीचं बिल 30 डॉलरच्या आत राहिलं तर माफ.

आणखी एक गोष्ट मला खुपते, पण ती सेवेची चूक नाही. रहीमीच्या सुनावणीत सरकारचा आवाज आहे, आरोपीचा आहे, न्यायमूर्तींचे आहेत. जी पळत असताना गोळी झाडली गेली ती बाई निकालपत्रात सी. एम. या दोन अक्षरांपुरती आहे. फौजदारी खटल्याची रचनाच तशी आहे आणि तिचं नाव झाकलेलं राहणं तिच्या भल्याचं आहे. तरी ऐकताना तिच्याबद्दल कुणी काही विचारतंय का, इकडे माझा कान लागून राहतो.

सुरुवात करायची असेल तर कोर्टाच्या साइटवर खटला क्रमांक 22-915 शोधा, तोच रहीमी. आधी खटल्यातला मूळ प्रश्न एका पानावर दिलेला असतो तो वाचा, मग मजकूर समोर उघडून ऑडिओ लावा. हेलर, ब्रुएन ही नावं ओळख करून न देता येत राहतील, तेव्हा ओयेझवरचा हेलरचा सारांश आधी वाचून ठेवलेला बरा. निकालपत्र शेवटी वाचा, आणि थॉमस यांचं विरोधी मत गाळू नका.