घोडबंदर ते महापे: स्कूटर घ्यावी की मोटारसायकल?

ठाण्याच्या कासारवडवलीत राहणाऱ्या माझ्या भाच्याला नवी मुंबईतल्या महाप्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो गाडीचा. शोरूममध्ये ही चर्चा मायलेज आणि मासिक हप्ता यांपाशीच संपते. मात्र रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर कापायचे असेल, तर आधी रस्ता पाहावा आणि मग गाडी, असे माझे मत आहे.

हा रस्ता एकसारखा नाही. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोच्या कामाने कुठे मार्गिका सरकलेली असते, तर कुठे डांबर आणि पेव्हर ब्लॉक यांच्या सांध्यावर बोटभर उंचीचा काठ उभा राहिलेला असतो. माजिवड्यापर्यंत जेएनपीटी बंदर आणि गुजरात यांच्या दरम्यान धावणारे कंटेनर सोबतीला असतात. पुढे कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रस्ता. हा शेवटचा टप्पा काँक्रीटचा असल्यामुळे तिथे वेग वाढतो आणि तिथेच ब्रेकची खरी परीक्षा होते.

दोन्ही गाड्यांतील सर्वांत मोठा फरक चाकाचा आहे. लोकप्रिय 110 सीसी स्कूटरचे पुढचे चाक बहुधा 12 इंची आणि मागचे अनेकदा 10 इंची असते, तर साध्या 100 सीसी मोटारसायकलची चाके 18 इंची असतात. टायर धरून त्रिज्या काढली, तर स्कूटरच्या पुढच्या चाकाची सुमारे 23 सेंटीमीटर भरते आणि मोटारसायकलची सुमारे 31. समजा 25 सेंटीमीटर रुंदीचा खड्डा आडवा आला. टायरचे दबणे सोडून दिले, तरी नुसत्या भूमितीने स्कूटरचे चाक त्यात साडेतीन सेंटीमीटरांहून थोडे अधिक उतरते आणि मोटारसायकलचे अडीचच्या आसपास. कागदावर हा फरक सेंटीमीटरभराचाच दिसतो. परंतु लहान चाक खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर अधिक उभ्या कोनात आदळते, हँडल हातात वळते, आणि त्या क्षणी बाजूला कंटेनरची मागची चाके असतील तर सावरायला जागा उरत नाही. मी आठ वर्षे याच पट्ट्यात स्कूटर चालवली. कापूरबावडीजवळ पावसात पाण्याखाली दडलेल्या अशाच एका काठावर माझे पुढचे चाक आडवे गेले. मनगट सुजण्यावर निभावले, पण तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून गाडी नेताना मी सरळ रेषा सोडत नाही.

ब्रेकच्या बाबतीत गैरसमज फार आहेत. एप्रिल 2019 पासून 125 सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंधनकारक झाले, तर 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी जोडणी) किंवा एबीएस यांपैकी एक असले तरी चालेल अशी तरतूद झाली. म्हणजे मोटारसायकल म्हटली की एबीएस मिळालेच, असे समजू नये. 100 सीसीच्या गाडीत मोठे चाक मिळते, पण ब्रेक बहुधा स्कूटरसारखेच सीबीएसचे असतात. सीबीएसमध्ये स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. नुसता मागचा ब्रेक दाबण्याची सवय असलेल्यांना त्याचा फायदाच होतो, मात्र ओल्या रस्त्यावर चाक अडकून घसरण्यापासून सीबीएस वाचवत नाही. ते काम एबीएसचे. त्यातही एकाच चाकाला एबीएस असेल तर ते पुढच्या चाकाला असते आणि मागचे चाक घसरू शकते, हे विक्रेता आपणहून क्वचितच सांगतो.

स्कूटरची बाजूही दुबळी नाही. सकाळी माजिवड्याच्या कोंडीत पाऊण तास क्लच दाबत-सोडत बसल्यावर डावा हात कसा बधिर होतो, हे ज्याने अनुभवले आहे तो गिअर नसण्याची किंमत जाणतो. रेनकोट डिकीत, डबा हुकाला, भाजीची पिशवी पायाशी अशी सोय मोटारसायकलवर नाही, आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅग पावसात खांद्याला जड होते. घरातील दोघा-तिघांनी एकच गाडी वापरायची असेल, तर आमच्या वहिनींसारख्या साडीत गाडी चालवणाऱ्या व्यक्तीच्या सोयीपुढे चाकाच्या त्रिज्येचा हिशेब मागे पडतो, आणि ते योग्यच आहे.

देखभालीत फारसे अंतर नाही: पावसाळ्यात मोटारसायकलची चेन वारंवार साफ करून वंगण द्यावे लागते, स्कूटरचा बेल्ट ठरावीक किलोमीटरांनी बदलावा लागतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरले असेल, तर दोन्ही गाड्या सारख्याच निरुपयोगी. तिथे ऐरोली पुलाकडून वळसा घ्यावा, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारून सुरू करू नये.

भाच्याला मी 125 सीसीहून मोठी, एबीएस असलेली मोटारसायकल सुचवली. एकट्याने, रोज, हाच रस्ता करायचा असेल तर माझे उत्तर हेच राहील. अंतर मानपाडा किंवा वर्तकनगरपर्यंतच असते, तर स्कूटरच सांगितली असती. चाचणीची फेरी मात्र शोरूमच्या गुळगुळीत गल्लीत न मारता पेव्हर ब्लॉकच्या एखाद्या पट्ट्यावरून, तीस-पस्तीसच्या वेगात मारून पाहा, असे त्याला बजावले आहे. येत्या रविवारी आम्ही दोघे त्यासाठीच निघणार आहोत.