घरची बिअर भरायची कशात? काच, प्लास्टिक की केग

बादलीत १९ लिटर बिअर आंबून तयार आहे, आता ती भरायची कशात, असा फोन मला वर्षातून तीन-चारदा तरी येतो. बहुतेक फोन इथल्याच, मिशिगनमधल्या मराठी घरांतून येतात. अमेरिकेत घरच्या बिअरला १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. दोन प्रौढ माणसांचं घर असेल तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत बिअर करता येते, फक्त ती विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे माहिती म्हणूनच वाचावं.

भांडं निवडायच्या आधी गॅसचं, म्हणजे बिअरमधल्या कार्बन डायऑक्साइडचं, गणित कळायला हवं, कारण सगळा धोका आणि सगळी मजा तिथेच आहे. आंबून झालेल्या बिअरमध्ये थोडाच गॅस उरलेला असतो. बाकीचा आणायचे दोन मार्ग. भरताना मोजून साखर घालायची आणि झाकण घट्ट लावायचं, मग उरलंसुरलं यीस्ट ती साखर खाऊन बंद बाटलीत गॅस करतं. किंवा केगमध्ये, म्हणजे स्टीलच्या बंद पिंपात, सिलिंडरमधून दाबाने गॅस सोडायचा. गॅस मोजतात ‘व्हॉल्यूम’मध्ये: एका लिटर बिअरमध्ये किती लिटर गॅस विरघळला, ते. इंग्लिश पद्धतीच्या ‘एल’ बिअरला दीड ते दोन पुरतात, अमेरिकन पेल एलला अडीचच्या आसपास लागतात, जर्मन गव्हाच्या बिअरला तीनच्याही वर. १९ लिटरला साधारण ११० ग्रॅम साधी साखर थोड्या पाण्यात उकळून घातली की २.४ व्हॉल्यूमच्या जवळपास जाता येतं. ही साखर वजनकाट्यावर मोजा. वाटी-चमच्याचा अंदाज इथे चालत नाही.

काचेची बाटली

चवीच्या दृष्टीने काचेला तोड नाही. काचेतून हवा आत येत नाही आणि गॅस बाहेर जात नाही. काळीकुट्ट, कडक ‘स्टाउट’ बिअर वर्ष-दोन वर्षं मुरवायची असेल तर काचच हवी. रंग तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत शिरला की हॉप्समधल्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधल्या) कडू घटकांचं विघटन होऊन एक घाण, उग्र वास येतो. उन्हात ठेवलेल्या बाटलीला तो काही मिनिटांतही येऊ शकतो.

१९ लिटरला ३५५ मिलीच्या ५३ बाटल्या लागतात. त्या धुवायच्या, निर्जंतुक करायच्या, भरायच्या, एकेकीवर पत्र्याचं दातेरी ‘क्राउन’ झाकण दाबायचं, यात अख्खी दुपार जाते. ६५० मिलीची मोठी बाटली घेतली तर २९ मध्ये काम होतं. आपल्याकडे दुकानात परत जाणारी ती ६५० मिलीची जाड बाटली आठवते ना, तशी जाडी इथल्या एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांना नसते. म्हणून तीन व्हॉल्यूमच्या वर जायचं असेल तर जाड बेल्जियन किंवा शॅम्पेनच्या बाटल्या शोधा. त्यातल्या पुष्कळांना २९ मिमीचं झाकण लागतं, नेहमीचं २६ मिमीचं बसत नाही. हाताने फिरवून उघडायच्या आटे असलेल्या बाटल्या घेऊच नका, त्यांच्यावर आपलं झाकण भरवशाने बसत नाही.

तारेच्या कडीच्या बाटल्या मला स्वतःला आवडतात. झाकणं विकत आणायला नकोत, रबराचा वायसर वर्षा-दोन वर्षांनी बदलला की झालं. पण घरसजावटीच्या दुकानात तेल-सरबतासाठी तशाच दिसणाऱ्या बाटल्या मिळतात. त्या दाबासाठी केलेल्या नसतात. दुकानातून ताजी बिअर भरून आणायचे दोन लिटरचे ग्राउलरही साखर घालून बंद ठेवायचे नाहीत.

हे मी इतक्या कळकळीने का सांगतोय, ते ऐका. माझी तिसरी खेप होती. फेब्रुवारीतली थंडी, तळघर गारठलेलं, त्यामुळे यीस्ट मध्येच झोपी गेलं. हायड्रोमीटर (बिअरमध्ये किती साखर उरली याचा अंदाज देणारी तरंगती नळी) १.०२० वर थांबला होता. मी ते काम संपलं असं धरलं, वर साखर घातली आणि काचेत भरून टाकलं. एप्रिलमध्ये हवा तापली, यीस्ट जागं झालं. रात्री दोनच्या सुमारास खालून धाडकन आवाज आला. पाठोपाठ दुसरा. दिवा लावून पाहिलं तर खोका ओला, फरशीवर फेस, आणि खोक्यापासून चार फुटांवर भिंतीच्या प्लास्टरबोर्डमध्ये नखाएवढी काच रुतलेली, साधारण माझ्या मुलीच्या उंचीवर. दुपारी ती तिथेच सायकल ठेवायला आली होती. सकाळी जाड जॅकेट, हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल चढवून मी उरलेल्या बाटल्यांची झाकणं एकेक करून सैल केली. तेव्हापासून हायड्रोमीटरचा आकडा अपेक्षेइतका खाली आलेला आणि सलग तीन दिवस तोच असल्याशिवाय मी एकही बाटली भरलेली नाही. भरलेल्या बाटल्याही झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवतो.

प्लास्टिकची बाटली

म्हणूनच नवशिक्याने पहिल्या दोन खेपा ‘पेट’ (PET) प्लास्टिकमध्ये भराव्यात असं माझं ठाम मत आहे. सोड्याच्या बाटलीचंच हे प्लास्टिक. अर्धा लिटरच्या तपकिरी बाटल्या खास बिअरसाठी मिळतात. त्या चांगलाच दाब सोसतात, आणि चुकून फुटल्याच तरी काचा उडत नाहीत.

त्यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे आत काय चाललंय ते बोटाला कळतं. भरल्या दिवशी बाटली दाबली तर सहज चेपते. तीन-चार दिवसांनी जरा ताठ लागते. २०-२२ अंशांच्या खोलीत दहा-बारा दिवसांत ती दगडासारखी होते, मग एक फ्रिजमध्ये ठेवून चाखायची. दोन आठवडे झाले तरी मऊच असेल तर खोली थंड आहे, बाटल्या वरच्या मजल्यावर न्या. काचेच्या बाटलीत यातलं काहीच समजत नाही.

कमतरताही सांगतो. प्लास्टिकमधून हळूहळू हवा आत येते आणि गॅस निसटतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत बिअर संपवलेली बरी. आतून ओरखडा गेला की तिथे जंतू घर करतात, म्हणून ब्रश घालायचा नाही आणि उकळतं पाणी तर मुळीच नाही.

केग

इथे बहुतेक जण वापरतात तो ‘कॉर्नी’ केग मुळात सोड्याच्या धंद्यातला. पेप्सी-कोकची सरबतं पूर्वी या पाच गॅलनच्या स्टीलच्या नळकांड्यांतून जायची. मग तो धंदा खोक्यातल्या पिशव्यांकडे वळला आणि जुने केग घरी बिअर करणाऱ्यांच्या हाती आले. त्याचे दोन प्रकार: बॉल लॉक उंच आणि सडपातळ, पिन लॉक बुटका आणि जाडसर. दोघांचे जोड वेगळे असतात, म्हणून पहिल्याच दिवशी एक प्रकार ठरवा आणि त्यालाच धरून राहा. मी बॉल लॉक घेईन, त्याचे सुटे भाग सहज मिळतात.

केगमध्ये बिअर भरायला अर्धा तास लागतो. फ्रिजमध्ये ३-४ अंशांवर ठेवून १२ पीएसआय (दाबाचं एकक) दाब लावला की आठ-दहा दिवसांत अडीच व्हॉल्यूम गॅस भरतो. साखर लागत नाही, तळाशी नवा गाळ जवळजवळ साचत नाही, आणि गॅस कमी-जास्त वाटला तर रेग्युलेटर फिरवून दुरुस्त करता येतो. बाटलीत ही सोय नाही. घाई असलेले लोक ३० पीएसआयवर दीड दिवसात काम उरकतात. मला तसं केल्यावर अनेकदा फेसच जास्त मिळाला.

पण केगची खरी कमाई हॉप्सच्या बिअरमध्ये दिसते. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची इंडिया पेल एल, बाटलीत भरताना हवा लागली की महिनाभरात रंग गडद होतो, आंब्या-संत्र्यासारखा वास जातो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. केगमधली हवा आधी गॅसने हाकलून मग बिअर बंद नळीतून आत घेतली, तर तोच वास दोन महिने टिकतो. सतत आयपीए करणाऱ्याने म्हणूनच बाटल्यांच्या भानगडीत पडू नये.

खर्च मात्र एकदम अंगावर येतो: केग, सिलिंडर, रेग्युलेटर, नळ्या, तोटी, आणि वेगळा फ्रिज. पाच पौंडांचा सिलिंडर मला दहा-बारा केगना पुरतो, पण एक वायसर सैल राहिला तर एका रात्रीत रिकामा होतो. स्वयंपाकाच्या गॅसला लावतो तसं प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. सिलिंडर उभा आणि बांधलेला ठेवा, कोंदट खोलीत नको. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो.

पाच लिटरचे छोटे केगही मिळतात. सहलीला ठीक आहेत, पण त्यांना लागणाऱ्या छोट्या गॅसच्या नळ्या महाग पडतात. पहिली खरेदी म्हणून मी ते सुचवणार नाही.

आता निवड. महिन्याला एक खेपही होत नसेल, आणि निम्मी बिअर मित्रांना वाटायची असेल तर बाटल्याच घ्या. केगमधली बिअर कुणाच्या घरी हातात घेऊन जाता येत नाही. तळघरात मोकळी जागा आहे, दर शनिवारी चार माणसं जमतात, मटणाचा बेत असतो, अशा घराला केग शोभतो. मुलं लहान असतील आणि बाटल्या त्यांच्या वावरातल्या जागी राहणार असतील, तर काच नकोच.

माझ्याकडे आज दोन केग आहेत आणि सोड्याच्या वीसेक रिकाम्या बाटल्या. कुणाकडे जायचं असलं की थंडगार बाटलीत केगमधून बिअर काठोकाठ घेतो, दाबून वरची हवा काढतो, आणि केगचा जोड बसतो असं स्टीलचं खास झाकण लावून गॅस सोडतो. चेपलेली बाटली ‘टक्’ करून ताठ होते. मग ती अर्धा मिनिट हलवायची आणि पिशवीत टाकायची. पुढचे चार-पाच दिवस गॅस उतरत नाही.