सांगलीतल्या जुन्या नाण्यांच्या दुकानातले जर्मन थालर

सराफ कट्ट्याजवळच्या या दुकानात गिऱ्हाइकाने सांगण्याआधीच मालक नाणे काट्यावर ठेवतात, आणि एवढ्या एका कारणासाठी मी तिथे पुन्हा जाईन. मला अठराव्या शतकातला जर्मन थालर, म्हणजे चांदीचे मोठे नाणे, हवा होता, आणि या नाण्याची पारख वजनापासूनच सुरू होते. १७५३ साली ऑस्ट्रिया आणि बव्हेरिया यांनी ठरवलेल्या मानाप्रमाणे एका कोलोन मार्क वजनाच्या, म्हणजे सुमारे २३४ ग्रॅम शुद्ध चांदीतून दहा थालर पाडले जात. त्यात एक षष्ठांश तांबे मिसळले की नाणे सुमारे २८ ग्रॅमचे भरे, म्हणजे आपल्या राणीछाप रुपयाच्या अडीचपटीला थोडे कमी.

मी घेतलेला बव्हेरियाचा निर्वाचक (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता) मॅक्सिमिलियन तिसरा योसेफ याचा १७६५ सालचा थालर २७.९ ग्रॅम भरला. त्याच्या एका बाजूला राज्यकर्त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला बाळाला घेतलेली मेरी आहे. मेरीच्या वस्त्रावर समांतर बारीक रेघा दिसल्या, तेव्हा मला तो ओरखडा वाटला. पण नाण्याची कोरी चकती जड भरली तर ठसा मारण्याआधी ती कानशीने घासून वजनात आणत, त्याच्या या खुणा असल्याचे मालकांनी भिंगाखाली धरून शांतपणे समजावले. हे ज्ञान दुकानाची खरी पुंजी आहे.

तक्रार मात्र गंभीर आहे. शेजारच्या, ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया थेरेसा हिच्या थालरवर ‘१७८०, अस्सल जुने’ अशी चिठ्ठी होती. ती राणी १७८० साली वारली, पण तांबड्या समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांचा त्या नाण्यावर भरवसा बसला असल्याने तेच साल घालून ते पुढेही पाडले गेले, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही पाडले. चांदी खरी असली, तरी नुसत्या सालावरून ते जुने ठरवता येत नाही. मी हे सांगितल्यावर मालकांनी चिठ्ठी काढली, किंमत मात्र तीच ठेवली.

काही नाणी चिंचेने घासून चकचकीत केलेली आहेत, त्यामुळे त्यांच्यावरची जुनी काळसर झाक कायमची गेली आहे. ती घेऊ नयेत. नाणी मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेली असतात, त्याने चांदीवर हिरवट चिकटा येतो, म्हणून मी माझे नाणे कागदी पाकिटात मागून घेतले. पक्की पावती, वजनासह, न मागता मिळाली.